अक्कलहुशारीने लिहून देतो की...

मृत्युपत्राचा विषय निघाला की आमच्या घरात कुणाला तरी एकदम तहान लागते आणि तो उठून जातो. म्हणून वकिलांनी पहिल्याच दिवशी शब्द बदलून दिला : इच्छापत्र. इच्छा आहे म्हणजे माणूस अजून आहे. साधा कागद चालतो, स्टँपपेपर लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. वकिलांनी मसुदा वाचायला घेतला, "मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो की..." आणि बायको फिसकन हसली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, माझ्या नावापुढे हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला.

घर मुलाला, बँकेतलं मुलीला, हे दोन मिनिटांत उरकलं. मग मी म्हणालो, "आणि पाच लाख रुपये मनाच्या आजारांसाठी."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "सर, मंदिराला द्या की. नाव तरी लागतं."

खरं होतं ते. जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात, इथल्या बियाण्याच्या आणि सळईच्या पैशानं बऱ्याच भिंतींवर नावं कोरली आहेत. आमच्या गावच्या सभामंडपात तर पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' लिहिलंय. पंखा बंद असला की आजोबा वाचता येतात. पण हाच पंखा मनोरुग्णांच्या वॉर्डात लावायचा म्हटलं, तर एकही नातू तयार होणार नाही. लोक म्हणतील, अच्छा, म्हणजे आजोबा इथंच होते तर!

राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही, आली ती फक्त 'येरवड्याला पाठवा याला' ही थट्टा. ठाण्याचं रुग्णालय 1901 सालचं, त्याला नरोत्तमदास माधवदास या दात्याचं नाव होतं. एवढी मोठी देणगी, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते नुसतं 'ठाणं', आणि तेही टोमण्यात. मग जालन्याला 365 खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झाल्याची बातमी आली. पारावर एकानं लगेच हिशोब केला, वर्षाच्या दर दिवसाला एक खाट, लीप वर्षाचा माणूस घरीच ठेवायचा.

मी त्या हसण्यात सामील झालो नाही, असं म्हणवत नाही. पण घरी आल्यावर दादा आठवला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. आमची मोसंबीची बाग. मोसंबीचं पाणी तोडून झाडाला ताण दिला की बहार चांगला धरतो, हे गावात पोराटोरालाही ठाऊक. माणसाचंही तसंच असेल, असा सगळ्यांचा समज. दादा महिना महिना बोलायचा नाही, रात्री विहिरीभोवती फिरायचा. मग अंगारे झाले, 'बाहेरचं' झालं, पौर्णिमेच्या खेपा झाल्या. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी तो माणसांत आला. इतका, की मृग बहाराचा पैशापैशाचा हिशोब तोच ठेवायचा. पण कुठल्याही कागदावर त्याची सही कुणी घेतली नाही. आता वकिलांकडून कळलं, की 1925च्या कायद्यानुसार एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही, ज्या काळात त्याचं मन ठिकाणावर असेल, त्या काळात इच्छापत्र करू शकतो. इंग्रजांचा कायदा, पण आम्हा भाऊबंदांपेक्षा मायाळू निघाला.

दादाच्या गोळ्या सुटल्या त्या एसटीच्या तिकिटापायी. दर महिन्याला तालुका ओलांडून जायचं, सोबत एक माणूस, त्याचा रोज बुडणार. एक महिना राहिला, मग दुसरा.

"तर मला इमारत नको," मी वकिलांना सांगितलं. "दोन तिकिटं, सोबत्याचा रोज, आणि दोन महिने आला नाही तर घरी जाऊन विचारणारं कुणीतरी. कागदावर मात्र नुसतं 'सत्कार्यासाठी' असं लिहा."

"टिकणार नाही. नुसतं 'धर्मासाठी' लिहिलेलं दान संदिग्ध म्हणून प्रिव्ही कौन्सिलनं 1899 सालीच रद्द ठरवलंय. नोंदणी झालेली संस्था शोधा, काम नेमकं लिहा."

शोधायला बसलो तर कॅलगरीचे डॉ. जगन्नाथ वाणी सापडले. संख्याशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराच्या गोत्रातलेच. पत्नीच्या स्किझोफ्रेनियानं त्यांना जे शिकवलं, त्यातून त्यांनी 1997 साली पुण्यात या आजाराबद्दल जागृती करणारी संस्था उभी केली. 'देवराई' सिनेमाही त्यांच्याच पुढाकारातला. संस्था कशी निवडावी हे त्यावरून थोडं कळलं : पेशंटच्या घरच्यांना जिथं खुर्ची मिळते, ती.

राहिलं डॉक्टरचं प्रमाणपत्र. इच्छापत्र करणाऱ्याचं मन ठिकाणावर आहे, असा दाखला जोडलेला बरा, उद्या कुणी भांडायला नको. वकील म्हणाले, "मनाच्या आजाराला पैसे ठेवताय, म्हणजे तुमच्या बाबतीत तर जोडाच."

गेलो. डॉक्टर पोरसवदा. आजची तारीख विचारली, वार विचारला. मग म्हणाले, "शंभरातून सात वजा करत जा."

मी त्र्याण्णव, शहाऐंशीपर्यंत आलो आणि अडकलो. छत्तीस वर्षं ज्यानं पोरांचे कान वजाबाकीसाठी पिरगळले, त्याला एकोणऐंशी सापडेना. डॉक्टर घाईत दिसले नाहीत. पॅड बाजूला सारून त्यांनी विचारलं, "काका, झोप लागते का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे 'जेवलात का' विचारतात, 'शुगर किती' विचारतात. मी दादापासून सुरुवात केली, विहिरीपाशी आलो, मग बरंच काही बोललो. बाहेरच्या बाकावरची बाई दोनदा आत डोकावून गेली.

घरी आलो तर बायको दारातच. "दिलं का प्रमाणपत्र?"

मी खिसे चाचपले. "घ्यायचं राहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, उद्या जा परत. आणि एकोणऐंशी पाठ करून जाऊ नका."

म्हणजे डॉक्टरांचा फोन माझ्याआधी घरी पोचला होता.