डहाणू लोकलचा लीडर

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये मी काम करतो. माझ्या सहीशिवाय तिथून एक गॅस्केटसुद्धा बाहेर जात नाही, एवढाच काय तो माझा अधिकार. मोबाइलमध्ये मात्र पन्नासेक माणसं, त्यांचे ड्रॅगन, जादूगार, चालते-फिरते सांगाडे आणि फुग्यात बसून बॉम्ब टाकणारी भुतावळ माझ्या हुकमात आहे. निदान ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ बनवणाऱ्यांची तशी समजूत आहे. माझ्या नावाखाली त्यांनी ‘लीडर’ असं लिहून ठेवलंय.

ज्यांच्या घरात बारा ते पन्नास वयाचं कुणी नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने हा खेळ 2012 साली आणला, पण फक्त आयफोन-आयपॅडवर. आमच्याकडे आयफोन कुणाच्या बापाकडे होता! 2013 च्या ऑक्टोबरात तो अँड्रॉइडवर आला आणि मग आमच्या बोईसरला पोचला. यात प्रत्येकाचं एक गाव असतं. तटबंदी, तोफा, सोन्याच्या खाणी, मधोमध टाऊन हॉल. दुसऱ्याच्या गावावर सैन्य सोडायचं, तीन मिनिटांत पाडता येईल तेवढं पाडायचं, सोनं घेऊन घरी यायचं. पन्नासपर्यंत माणसांनी मिळून क्लॅन करायचा, एकमेकांना सैन्य पुरवायचं आणि दुसऱ्या क्लॅनशी वॉर लावायचं. तयारीला एक दिवस, लढाईला एक दिवस. प्रत्येकाला दोन हल्ले, एका हल्ल्यात जास्तीत जास्त तीन स्टार. बस्स. इतकं सोपं असताना माणसं ते करत का नाहीत, हे शोधणं म्हणजे लीडरचं काम.

क्लॅन वॉर आलं एप्रिल 2014 मध्ये आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही क्लॅन काढला. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, म्हणून हौसेने नाव ठेवलं ‘ठाणे टायगर्स’. 1 ऑगस्टला पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला. बोईसर, डहाणू, वसई, जव्हार सगळं ठाण्यातून बाहेर पडलं आणि आम्ही ‘ठाणे टायगर्स’च राहिलो, कारण एकदा ठेवलेलं क्लॅनचं नाव तेव्हा बदलता येत नसे. शासनाने एका फटक्यात जिल्हा तोडला, पण हेलसिंकीपुढे शासनाचं काही चालेना.

क्लॅनमधली भिवंडी-कल्याणची मंडळी म्हणाली, “जिल्हा तुमचा वेगळा झाला, तुम्हीच निघा.” निघालो. नव्या क्लॅनसाठी चाळीस हजार सोनं भरावं लागायचं, ते मी भरलं. फोनवर हे सांगत असताना स्वयंपाकघरात वाक्य अर्धंच ऐकू गेलं आणि पुढचा अर्धा तास खेळातलं सोनं वेगळं आणि पेढीवरचं वेगळं, हे समजावण्यात गेला.

मग नावाची बैठक झाली, चॅटवरच. पालघरवाल्यांना ‘पालघर’च हवं, कारण मुख्यालय त्यांचं. बोईसरवाले म्हणाले, माणसं आमची, कारखाने आमचे, नाव त्यांचं कसं? वसईवाल्यांचं म्हणणं, आम्ही मुळात तुमच्यात मोडतच नाही. जिल्ह्याचं मुख्यालय जव्हारला व्हावं अशी मागणी बाहेर होतीच, ती आमच्यात गुरुजींनी लावून धरली.

गुरुजी म्हणजे जव्हारचे निवृत्त शिक्षक. नातवाने खेळ टाकून दिला, पण गाव तसंच ओस कसं ठेवायचं म्हणून यांनी तो हातात घेतला. सगळी पोरं चॅटमध्ये ‘ड्रॅगन दो’ एवढंच टाइप करत असताना गुरुजी लिहितात, “लीडरसाहेबांस स. न. वि. वि. आजच्या मोहिमेकरिता चार जादूगार व एक ड्रॅगन पाठवण्याची व्यवस्था व्हावी. कळावे.” आणि सगळ्यांच्या आधी त्यांनाच मिळतात. त्यांनी बैठकीत विचारलं, “आमच्याकडे मुकणे राजांचं संस्थान होतं. पालघरला काय होतं?” पालघरवाल्या पोराने लिहिलं, “स्टेशन.” त्यावर दोन दिवस चॅट बंद होतं.

शेवटी एका नाइट शिफ्टवाल्याने तोडगा काढला. एप्रिल 2013 मध्ये विरारला संपणारी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली होती. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, सगळ्यांना सामावून घेणारी तेवढी एकच गोष्ट. क्लॅनचं नाव ठरलं ‘डहाणू लोकल’. जव्हारला रेल्वे नाही, हा गुरुजींचा आक्षेप नोंदवून घेतला आणि त्यांना को-लीडर केलं.

हे केलं आणि क्लॅनमध्ये साथ पसरली. जो येतो तो आल्या आल्या लिहितो, “दादा, को द्या ना.” सैन्य दिलं नाही, हल्ला केला नाही, अजून टाऊन हॉलचं प्लॅस्टर ओलं आहे, पण को पाहिजे. को-लीडरला वॉर लावता येतं आणि माणसं काढता येतात. त्यातल्या दुसऱ्या अधिकारावर सगळ्यांचा डोळा. विरारकडच्या एका क्लॅनमध्ये असाच एक हट्टाने को झाला आणि भांडणाच्या भरात रात्रीतून एकेकाला काढत सुटला. सकाळी लीडर उठला तर क्लॅनमध्ये तो एकटाच, भूपतीसारखा. तेव्हापासून मी को मागणाऱ्यांना एल्डर करतो. एल्डरला फारसं काही करता येत नाही, पण नावाखाली काहीतरी दिसतं. बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

आता खरी गंमत सांगतो. क्लॅन चालवायला डावपेच लागतात, असं सगळ्यांना वाटतं. डावपेच यूट्यूबवर फुकट आहेत. लागतं ते एकच, कोण कधी जागा आहे याचा पक्का हिशोब. बोईसरचा क्लॅन त्या बाबतीत नशीबवान. आमच्याकडे फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा तिन्ही शिफ्टचे लोक आहेत, त्यामुळे घड्याळात कितीही वाजले असोत, कुणीतरी जागं असतंच. युरोपातले क्लॅन झोपतात, तेव्हा आमची नाइटवाली मंडळी घरी येऊन चहा पीत हल्ला करतात.

अडचण उलटी आहे. केमिकल प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. सॉल्व्हंटच्या वाफेत एक ठिणगी पुरते, म्हणून फोन गेटवर जमा. म्हणजे एकदा माणूस आत गेला की आठ तास ड्रॅगनला वाली नाही. म्हणून मी वहीत तक्ता केला. कोणाची कुठली शिफ्ट, कधी बदलते, साप्ताहिक सुट्टी कधी, कोण कोणाच्या बदली जातो. सेकंडवाल्यांनी सकाळी हल्ला उरकायचा, फर्स्टवाल्यांनी संध्याकाळी, जनरलवाल्यांनी लोकलमध्ये. लोकलसाठी नियमही आहे. पालघर सुटल्यापासून उमरोळी येईपर्यंत एक हल्ला आरामात होतो. वैतरणेच्या खाडीवर मात्र कुणीही सैन्य सोडायचं नाही. पुलावर रेंज गेली की अर्धवट हल्ला पूर्ण धरला जातो आणि पलीकडे पोचेपर्यंत आपले ड्रॅगन कामी आलेले असतात.

या तक्त्याची कीर्ती पसरली ती वेगळ्याच कारणाने. एका रात्री एका वहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे आज ओव्हरटाइमला थांबलेत म्हणाले. तुमच्या वहीत तसंच आहे ना?” वहीत बघायची गरजच नव्हती. वॉर चालू होतं आणि दहाच मिनिटांपूर्वी त्यांच्या यजमानांनी शत्रूच्या सात नंबरवर तीन स्टार घेतले होते. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, हे वहिनींनाही माहीत आणि मलाही. मी म्हटलं, “वहिनी, वही ऑफिसात राहिली.” लगेच चॅटवर लिहिलं, “सात नंबरवाले, घरी जा.” ते गेले. दुसरा हल्ला राहिला, आम्ही एका स्टारने हरलो आणि कारण कुणालाही सांगता आलं नाही.

वीज हा आणखी एक विषय. इथून जवळच देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे, 1969 पासून चालू झालेलं. चारही युनिट मिळून 1400 मेगावॅटची क्षमता. पण ती वीज जाते ग्रिडमध्ये, आमच्या गल्लीत नव्हे. पावसाळ्यात ऐन वॉरमध्ये वायफाय गेलं की चिंचणीचा पोरगा दरवेळी अणुकेंद्रावरून तोच विनोद करतो आणि आम्ही दरवेळी हसतो, कारण तो सलग तीन स्टार आणतो.

सातपाटीचा एक भाऊ आहे, खेळातलं नाव ‘पापलेट किंग’. त्याच्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना करावा लागला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा हा किनाऱ्यावर. त्या दोन महिन्यांत त्याच्यासारखा लढवय्या नाही. नारळी पौर्णिमा झाली की मेसेज येतो, “दादा, बोट सोडतोय. आता रेंज नाय.” खेळात हिरवी ढाल लावली की माणूस वॉरला तयार, लाल लावली की नाही. हा हिरवी तशीच ठेवून दर्यावर गेला. दोन हल्ले बुडाले. पोरं पेटली, “काढा त्याला.” गुरुजींनी एकच वाक्य लिहिलं, “तो समुद्रातून मासे आणतो आहे. आपण घरी बसून काय आणले, ते प्रत्येकाने लिहावे.” कुणी लिहिलं नाही. किंग राहिला. बंदर गाठल्यावर त्याने मला पिशवीभर बोंबील पाठवले. त्याबद्दल चॅटवर मी काही बोललो नाही.

क्लॅनमधली खरी भांडणं मात्र वॉरवरून होत नाहीत, देण्याघेण्यावरून होतात. एकमेकांना सैन्य द्यायचं असतं आणि कुणी किती दिलं, किती घेतलं, हे आकडे प्रत्येकाच्या नावावर उघडे दिसतात. लग्नातल्या आहेराची वही चौकात टांगल्यावर जे होईल ते इथे रोज होतं. “मी त्याला ड्रॅगन दिला आणि त्याने मला धनुर्धारी टेकवले.” हा माणूस कंपनीत कोट्यवधींच्या रिॲक्टरचा ऑपरेटर आहे.

सगळ्यात पक्की हल्लेखोर कोण म्हणाल तर बोईसरच्या चित्रालयजवळ राहणाऱ्या एक काकू. मुलगा बारावीत गेला तेव्हा त्यांनी त्याचा फोन काढून घेतला. त्या महिन्यापासून त्याच्या अकाउंटचे स्टार वाढायला लागले. आधी आम्हाला वाटलं, पोरगं चोरून खेळतंय. मग एकदा चॅटवर मेसेज आला, “कुकरच्या दोन शिट्ट्या राहिल्यात, मग मारते.” मुलगा आता इंजिनीअर होऊन पुण्याला आहे. अकाउंट परत मागतो, काकू देत नाहीत.

मनुष्यबळाचं म्हणाल तर आमची लोकसंख्या दिल्लीहून ठरते. 2018 मध्ये पब्जी आलं आणि निम्मी तरुण पोरं हेल्मेट घालून पसार झाली. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्राने 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी होतं. त्या आठवड्यात मान खाली घालून सगळे परत. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, पुन्हा गेले. जुलै 2022 मध्ये तोही बंद झाला, पुन्हा आले. मे 2023 मध्ये तो परत सुरू झाल्यावर मी कुणाला निरोपही दिला नाही. फक्त एवढं केलं की परतणाऱ्याला एल्डरपासून नव्हे, साध्या मेंबरपासून सुरुवात.

एकच वॉर मी स्वतःहून सोडलं. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या आसपास. एका रात्री तिकडच्या पोराने चॅटवर लिहिलं, “हललं.” कुणीतरी विचारलं, “किती स्टार?” त्याने लिहिलं, “अहो, घर हललं.” त्यानंतर त्या भागातले आमचे चौघेही घरच्यांना घेऊन थंडीत अंगणात बसून होते. रात्रभर कुणी हल्ला केला नाही. सगळे नुसते ऑनलाइन होते, अर्ध्या-अर्ध्या तासाने कुणीतरी विचारायचं आणि तिकडून ‘ठीक’ यायचं. शून्य स्टार घेऊन हरलो. ती हार आमच्या यादीत अजून दिसते, आणि नवीन पोरं विचारतात, तेव्हा कोण लीडर होतं?

तर मुद्दा असा, की ‘डहाणू लोकल’मध्ये सध्या तीन जागा रिकाम्या आहेत. दोन्ही हल्ले करावे लागतील. नाइट शिफ्टवाल्यांना प्राधान्य. दर्यावर जाणाऱ्याने आधी ढाल लाल करावी, ओव्हरटाइम सांगून निघालेल्याने तर नक्कीच करावी. जव्हारबद्दल गुरुजींशी वाद घालू नये. आणि आल्या आल्या को मागू नये.