सेवाज्येष्ठता आणि गॉब्लिन

एक गॉब्लिन मारला की पन्नास गुणांचा अनुभव मिळतो. चौघांनी मिळून मारला तर प्रत्येकी साडेबारा. हे मला माझ्या पुतणीने पंचनामा वाचून दाखवावा अशा आवाजात सांगितलं. ती आणि तिचे मित्र रविवारी गंगापूर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून सोंगं वठवायचा खेळ खेळतात. एक गडी कमी पडला, म्हणून मला जादूगार केलं. समोर कागद आला. त्यावर नाव, ताकद, बुद्धी (ही फासे टाकून ठरते, ते मला पटलं) आणि कोपऱ्यातल्या चौकटीत अनुभव : शून्य. चौकटीवर कुणाचा तरी चिवड्याचा तेलकट अंगठा उमटला होता, पण शून्य स्वच्छ वाचता येत होतं.

“अगं, उभी हयात सरकारी नोकरीत गेली माझी!”

“काका, दुतोंड्या मारुतीने गोदावरीचे इतके पूर पाहिले. त्याला पोहता येतं का?”

रामकुंडाजवळचा हा मारुती म्हणजे नाशिककरांची पूरपट्टी. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याला, यावर गावाने किती घाबरायचं ते ठरतं. बिचारा तिथे जन्मभर उभा आहे आणि पाणी ओसरलं की पुन्हा शून्यावर. मी गप्प बसलो. सरकारी माणूस अन्याय झाला की भांडत नाही, आपल्या बाजूचा जीआर शोधतो. मी असल्या खेळांची नियमपुस्तकं वाचायला घेतली.

सुरुवात आशादायक होती. पुतणीच्या खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत दुसरी लेव्हल ३०० गुणांना मिळते आणि शेवटची, विसावी, ३,५५,०००ला. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातही लेव्हलच आहेत. फरक एवढाच की आमची वेतनवाढ जुलै आला की आपोआप लागायची. त्यासाठी कुणाला मारावं लागत नव्हतं.

मग मूळ नियम काढले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हा राक्षसापेक्षा खजिन्याला जास्त भाव होता. सोन्याचं एक नाणं, एक गुण अनुभव. म्हणजे राक्षस झोपलेला असताना तिजोरी साफ करून सटकणारा माणूस अनुभवी. ही समज आपल्याकडे नियमपुस्तकाशिवायच पोचलेली आहे. पण इथेही पोटकलम आडवं आलं. खजिना नुसता पाहून चालत नाही, भुयारातून सुखरूप बाहेर आणावा लागतो. नाहीतर नाशिकरोडच्या नोट प्रेसमधला शिपाईसुद्धा पहिल्याच पाळीत विसाव्या लेव्हलला गेला असता. आणि तिथून एखादं बंडल बाहेर आणलंच, तर पुढचा अनुभव पोलीस देतात.

१९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळात लेव्हलच नाहीत. तलवार चालवली आणि जमली, की तलवारीपुढे खूण करायची. मोहीम संपली की फासा टाकून बघायचं, त्यातून काही शिकलात का. यातली मेख अशी, की ज्याला वीस टक्के येतं त्याला शिकण्याची संधी साधारण ऐंशी टक्के आणि ज्याला नव्वद टक्के येतं त्याला दहाच. जेवढं जास्त येतं, तेवढं नवं डोक्यात शिरणं अवघड. हे लिहिणारे नाशिकला मिसळ खायला आले असणार. तर्री कशी असावी, पापड कधी मोडावा, या विषयात नाशिककर जन्मतःच पंच्याण्णव टक्के असतो. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून काही शिकण्याची शक्यता उरते पाच टक्के, आणि तोही नाशिककरच असतो.

२०१२च्या ‘डन्जन वर्ल्ड’ने तर कमाल केली. दोन फाशांची बेरीज सहा किंवा कमी आली, म्हणजे काम फसलं, की एक गुण अनुभव. या हिशोबाने लासलगावला कांदा नेणारा शेतकरी एव्हाना देवपदाला पोचला असता. विकावा तर भाव पडलेला, साठवावा तर सडतो आणि भाव चढला की निर्यातबंदी. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसाचे गुण वेगळे. मला मात्र हा नियम लागू होईना. माझ्या नावावर अपयशाची नोंदच नाही. तशी नोंद होऊ नये म्हणून तर फाईल पुढे पाठवायची असते.

काही जण गुण मोजतच नाहीत. गोष्ट वळणावर आली की सगळ्यांना लेव्हल बहाल. याचं उदाहरण आमच्या त्र्यंबकेश्वरलाच आहे. परंपरा सांगते की ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि निवृत्तिनाथ ज्या गुहेत शिरले तिथे गहिनीनाथ भेटले. टोळी फुटू देऊ नका, हा या खेळातला पहिला धडा. तो मोडला. वाघही मारला नाही. गुण शून्य. पण बाहेर आले ते ज्ञानेश्वरांचे गुरू होण्याच्या योग्यतेचे. सगळ्यांत चांगला नियम हाच, आणि म्हणूनच त्यासाठी अर्ज करता येत नाही.

अखेर माझा जीआर सापडला. १९७७चा ‘ट्रॅव्हलर’. यात माणूस अठराव्या वर्षी नोकरीला लागतो, चार-चार वर्षांच्या टर्म करतो, काय शिकायचं ते नोकरीतच शिकतो आणि निवृत्त झाल्यावर खेळ सुरू होतो. पुढे शिकण्याची अपेक्षा फारशी नाही. चौतिसाव्या वर्षापासून म्हातारपणाचे फासे. आणि पाच टर्म भरल्या की दरसाल पेन्शन! मी पुस्तक पुतणीपुढे ठेवलं.

तिने पान उलटून बोट ठेवलं. “काका, हे वाचलंत? नोकरीत असताना फासा वाईट पडला, तर खेळ सुरू व्हायच्या आधीच माणूस मरतो.”

“मग? पेन्शनचे कागद मंजूर होईपर्यंत मी जगलो ना? तो फासा माझा पडून गेलाय.”