पालथ्या घड्यावर वांगी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणींचा भारी षौक. येतात अर्ध्याच, पण दोन अर्ध्या जोडल्या की एक पूर्ण होते, हा त्यांचा हिशेब. पाण्याची मोटर जळाली तेव्हा म्हणाले, "आधीच टंचाई, त्यात वरातीमागून तेरावा महिना!" थकबाकीदारांना नोटिसा पाठवणं म्हणजे "पालथ्या घड्यावर वांगी". मग वड्याचं तेल कुठे गेलं, या विचारात माझी निम्मी मीटिंग गेली.

परवा दोन सायकली चोरीला गेल्या आणि सीसीटीव्हीचा विषय निघाला. "बैल गेला आणि वॉचमनने झोपा काढल्या!" सेक्रेटरी कडाडले. मला राहवेना. म्हटलं, "काका, हा झोपा म्हणजे झोप नव्हे. गोठ्याचं दार. बैल गेल्यावर दार केलं, असा अर्थ."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे वॉचमन जागा होता, असं तुमचं म्हणणं?"

सभेने माना डोलावल्या. इतिवृत्तात नोंद झाली: वॉचमन झोपला होता, एका सभासदाची हरकत.

तसा त्यांचा तरी काय दोष? गोठेच गेले, तिथे झोपा कोणाला आठवणार? सोनुबाईच्या हातातला वाळा कथलाचा होता, पण कथील पाहिलेली माणसं कल्हईवाल्याबरोबरच गेली. आमच्या शेंडेफळाला तर 'कथला' हे एखाद्या गावाचं नाव वाटतं.

निघताना सेक्रेटरींनी मायेने खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका हो. नाचता येईना, तो गाढवाचे पाय धरी."