एकही पाकीट नाही

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची. तिच्या पाठीवर फिकट निळा स्कार्फ. नट खुर्चीला टेकून उभा.)

मंडळी, आजचा नायक राहणार ठाकुरद्वार, नोकरी विम्यात, व्यसन मुंबई सिटी एफसी. पहिल्या दोन गोष्टींबद्दल नातेवाइकांना अभिमान आहे. तिसरीबद्दल लग्नकार्यात आवाज खाली करून बोललं जातं.

त्याला एक आत्या आहे. महापालिकेत आयुष्य निविदा विभागात काढलं, आता निवृत्त. विभागाने तिला निरोप दिला, तिने विभागाला दिलेला नाही. घरात भाजी आणायची तरी तीन दुकानांचे दर मागवते. भाच्याने पहिल्यांदा सांगितलं, की आमची टीम अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात खेळते, तेव्हा तिने मान डोलावली.

(आत्याचा आवाज, चष्मा नाकावर) "म्हणजे आपल्याच खात्याचं मैदान. मग गवत वेळेवर कापत नसतील."

जगभरचा फुटबॉलवेडा नव्या हंगामाआधी तेच ते विचारतो. स्ट्रायकर कोण आणला? कोच दिवाळीपर्यंत टिकेल का? आपण कितवे येऊ? मुंबई सिटीवाल्याला हे सगळं विचारायचा हक्क आहे, कारण त्याने सोनं पाहिलंय. 2020-21मध्ये साखळीत पहिलं येण्याची लीग शील्डही आपली आणि कपही आपला. फातोर्ड्याला अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, एटीके मोहन बागान 2-1ने गार. 2022-23ला पुन्हा शील्ड. 2024च्या मे महिन्यात कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्याच अंगणात, 3-1! त्या रात्री भाच्याने गॅलरीत उभं राहून अशी आरोळी ठोकली, की समोरच्या चाळीतल्यांना वाटलं, आयपीएलमध्ये काहीतरी झालं. कोणीतरी ओरडून विचारलंही, "रोहित किती?"

(थांबून) हे तो अजून विसरलेला नाही.

त्याचा एक मोठा राग आहे आणि तो आधी उरकून घेऊ, नाहीतर तो प्रयोगभर मध्ये मध्ये येत राहील. मुंबईत मँचेस्टर युनायटेडचे इतके भक्त आहेत, की एखादा दगड मारला तर तिघांना लागेल. हे लोक रात्री साडेबारापर्यंत जागतात, ओल्ड ट्रॅफर्डच्या गळक्या छपरावर तावातावाने बोलतात, आणि अंधेरीला या म्हटलं की म्हणतात, "अरे, वेस्टर्नला कोण येणार?" इंग्लंडपर्यंत मन जातं, चर्चगेटवरून स्लो लोकल धरायला पाय जात नाहीत! झालं. उरकलं. अजून थोडा शिल्लक आहे, पण तो मध्यंतरानंतर.

तर 2025 साल. मार्चमध्ये बाद फेरीत बंगळूरूने कंठीरवावर पाच गोल घातले. पाच-शून्य. भाच्याने ठरवलं, पुढच्या हंगामात बघून घेऊ. आणि 11 जुलैला बातमी आली, की पुढचा हंगाम सध्या स्थगित.

हरलो, समजू शकतो. खेळाडू विकले, समजू शकतो. हंगामच नाही? आत्याला फोन.

(आत्या) "कारण काय दाखवलंय? लेखी दाखवलंय का?"

कारण लेखी होतं. 2010मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार केला होता. तो संपणार होता 8 डिसेंबर 2025ला, आणि हंगाम सुरू होतो सप्टेंबरात. म्हणजे नाटकाचं मध्यंतर झाल्यावर थिएटरचा भाडेकरार संपणार. त्यात महासंघाच्या घटनेचा मामला सर्वोच्च न्यायालयात, त्यामुळे नव्या कराराच्या बोलण्यांना कुलूप. लीग चालवणाऱ्या कंपनीने म्हटलं, पुढे काय ते कळल्याशिवाय आम्ही पडदा उघडणार नाही.

(आत्या) "बरोबर आहे त्यांचं. मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा प्रस्ताव जायला हवा. सहा महिने आधी! आमच्याकडे टिपणी जायची."

"आत्या, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी नियमाच्या बाजूने आहे."

ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. गणपती आले. भाच्याने आरतीच्या वेळी देवाकडे काय मागितलं असेल? शील्ड नाही, कप नाही. वेळापत्रक! गणपतीचंही वर्षानुवर्षं आधी पंचांगात छापून येतं, त्यामुळे त्याला ही अडचण कळली नसावी.

आणि आता, मंडळी, ऑक्टोबर. महासंघाने नवी निविदा काढली. (खुर्चीवर बसतो. पाठ ताठ. आत्या आता पूर्ण अंगात आलेली.)

"निविदा? निविदा काढली म्हणतोस? वाच. अटी वाच. सावकाश."

पंधरा वर्षांचे हक्क. वर्षाला किमान साडेसदतीस कोटी, किंवा एकूण उत्पन्नाच्या पाच टक्के, यातलं जे जास्त असेल ते.

"अनामत?"

"आत्या, ते सोड."

"सोड काय? पहिलं तेच बघायचं! मुदत?"

"5 नोव्हेंबर. मग 7 नोव्हेंबर."

"हां! मुदतवाढ!" (समाधानाने टेकते) "मुदतवाढ दिली ना, मग येतात. शेवटच्या दिवशी चार वाजता येतात सगळे, घामाघूम होऊन, पाकिटं घेऊन."

7 नोव्हेंबर. भाचा ऑफिसात कुणाचातरी अपघाताचा क्लेम तपासतोय आणि दर दोन मिनिटांनी मोबाइल. चौकशी काही जणांनी केली होती, शंका विचारल्या होत्या, अटी कडक आहेत अशी कुरकुर झाली होती. संध्याकाळी निकाल आला. त्याने आत्याला फोन लावला आणि सांगितलं, "आत्या, एकही निविदा आली नाही."

(दीर्घ विराम. नट चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा घालतो.)

"एकही नाही?"

"नाही."

"पाकीट क्रमांक एक?"

"नाही."

"बाळा, मी गिरगावातल्या मुताऱ्यांची निविदा काढली आहे. सात पाकिटं आली. सात! नाल्यातला गाळ काढायला लोक एकमेकांची डोकी फोडतात. एकदा भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची निविदा होती, त्यात दोघे कोर्टात गेले. कुत्र्यांसाठी! आणि देशाच्या फुटबॉलला एक पाकीट नाही? चुकून आलेलंही नाही? दुसऱ्या खात्याचं, पत्ता चुकलेलं?"

"नाही गं."

"मग एकच उपाय." (आवाज खोल, देववाणीसारखा) "फे-र-नि-वि-दा."

(हशा ओसरू द्यावा. मग उभं राहून.)

हसताय. त्या संध्याकाळी भाचा हसत नव्हता. त्याच्या वडिलांचीही एक टीम होती, महिंद्रा युनायटेड, ज्यांना जीपवाले म्हणत. 2005-06ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली. वडील मुलाला कूपरेजला न्यायचे, लाकडी बाकावर बसवायचे आणि शेंगदाण्याची पुडी त्याच्याकडे देऊन स्वतः ओरडायचे. 2010मध्ये महिंद्राने टीम बंद केली. मग मुंबई एफसी, जिथे खालिद जमील वर्षानुवर्षं कमी पैशांत संघ तारून नेत होते. 2017ला तो खाली घसरला आणि मिटला. पुण्यात बघा. पुणे एफसी गेलं, डीएसके शिवाजीयन्स गेलं, एफसी पुणे सिटी 2019ला उठून हैदराबादला गेलं, आणि तेही हैदराबाद आता दिल्लीला गेलंय. सामना हरणाऱ्या संघाला शिव्या देता येतात, तो पुढच्या रविवारी असतो. बंद पडलेल्या संघाच्या नावाने शिवी द्यायची तर ती जाऊन पडणार कुठे? मुंबईकराची भीती पराभवाची नव्हे, पाटी उतरण्याची आहे. 2010च्या त्या दिवशी वडिलांनी पेपर घडी करून ठेवला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, असं भाचा सांगतो.

(आत्या, मध्येच) "दादाला मोतीबिंदू होता. सारखंच पाणी यायचं."

धन्यवाद, आत्या.

डिसेंबर. गोव्यात सुपर कप झाला, निदान चेंडू दिसला. उपांत्य सामन्यात एफसी गोवाने आपल्याला हरवलं आणि भाचा दोन तास खराखुरा चिडला. ऑफसाइडवरून, पंचावरून! किती दिवसांनी एवढा निर्मळ संताप मिळाला. पण महिनाअखेरीला मोठा दणका. 2019मध्ये ज्यांनी मुंबई सिटीचे 65 टक्के घेतले होते, ते मँचेस्टर सिटीचे मालक, सिटी फुटबॉल ग्रुप, बाहेर पडले. लीगचं काही खरं नाही म्हणाले. टीम पुन्हा जुन्या मालकांकडे आली, त्यात रणबीर कपूर.

(आत्या) "ऋषी कपूरचा मुलगा? मग ठीक आहे. घरचं माणूस आहे."

आत्याची परदेशी फुटबॉलवर आधीच खप्पा मर्जी. कारण 2023. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईच्या गटात सौदीचं अल हिलाल आलं, आणि अल हिलालमध्ये नेमार! अंधेरीचं मैदान त्या स्पर्धेच्या कामाचं नाही, म्हणून सामना नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, 6 नोव्हेंबरला. भाच्याने दोन तिकिटं काढली, एक आत्याचं. आत्याने नेमारला द्यायला म्हणून चिवडा केला. आणि 17 ऑक्टोबरला उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. गुडघा दक्षिण अमेरिकेत, कळ ठाकुरद्वारला! तरी दोघं गेली. आत्याने दोन-शून्य पराभव पाहिला, डबा उघडला, चिवडा स्वतः खाल्ला आणि म्हणाली, "नवी मुंबईत आलं की कुणाचंही असंच होतं." आजूबाजूच्या दोन रांगा वळून बघू लागल्या. त्या फारशा हसल्या नाहीत.

जानेवारी 2026. सुनील छेत्री, गुरप्रीत, झिंगन अशा मोठ्या खेळाडूंनी व्हिडिओ काढला, फिफाला साकडं घातलं: आम्हाला फक्त खेळायचंय. आणि 6 जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं, लीग 14 फेब्रुवारीपासून, चौदाच्या चौदा क्लब उतरणार.

भाचा नाचला. मग त्याने कागद-पेन घेतलं. सवयच आहे, हंगामाचा अंदाज बांधायची. बिपिन ईस्ट बंगालला गेला, मेहताब मोहन बागानला. छांगटे आहे, गोलात फुर्बा लाचेनपा आहे. इतके महिने कुणालाच सराव नाही, म्हणजे सगळेच धापा टाकणार आणि ज्याला धाप उशिरा लागेल तो जिंकणार. मागल्या हंगामात प्रत्येकाला साखळीत 24 सामने होते, या वेळी तेरा. एकच फेरी. चौदा संघ, एकूण 91 सामने. सुरुवातीचे दोन हरलात तर सावरायला वेळच उरत नाही. त्याने लिहिलं: शील्ड नाही, पण पहिल्या चारात. खाली रेघ मारली. मग रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं: पहिल्या सहात. आत्याने कागद ओढून घेतला.

"तेरा सामने?"

"हो."

"त्यातले किती आपल्या मैदानावर?"

"आत्या, तेरा विषम आहे. काहींना घरी सात, काहींना सहा."

(शांतता. चष्मा खाली सरकतो.)

"म्हणजे कुणाला एक सामना जास्त, कुणाला कमी. आणि हे ठरवलं कुणी? निकष काय? सोडत काढली का? सोडतीला साक्षीदार कोण? इतिवृत्त आहे?"

"मला काय माहीत!"

"मग माहिती अधिकारात अर्ज टाक. दहा रुपयांचं शुल्क भर. मी मसुदा सांगते, तू लिही: महोदय..."

"आत्या, हंगाम पुन्हा बंद पडेल गं!"

"पडू दे. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. लिही. महोदय, विषयांकित प्रकरणी..."

(भाचा लिहू लागतो. आत्या सांगत राहते. पडदा तिला न विचारता पाडावा.)