कागदोपत्री सासरा

बँकेतली सगळी नोकरी मी कर्जखात्यात काढली. कर्ज देण्यात नव्हे, न देण्यात. अर्जात नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, सहीला शेपूट आहे आणि नमुना सहीला नाही, असल्या त्रुटी काढण्यात आमच्या शाखेत माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे बायकोच्या औषध कंपनीनं तिला डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पाठवायचं ठरवलं आणि 'तुमच्या मिस्टरांच्या रहिवासी परवान्याचंही आमचा वकीलच बघेल' असं कळवलं, तेव्हा मी मोठ्यानं हसलो. वकील कशाला? कागदच आहेत ना? मी बघतो!

मी बघितलं.

सुरुवातीला मी देशच चुकीचा वाचत होतो. डॉमिनिका नावाचं एक वेगळंच चिमुकलं राष्ट्र त्याच कॅरिबियन समुद्रात आहे, तिथे इंग्रजी चालतं आणि सरकारकडे ठरलेली रक्कम भरली की थेट नागरिकत्व मिळतं. हे वाचून मी बरेच दिवस खुशीत होतो, बायकोला रोज थोडी थोडी माहितीही देत होतो. शेवटी तिनं नकाशा पुढे ठेवला. आपल्याला जायचं होतं ते हिस्पान्योला बेटावर, हैतीच्या शेजारी, जिथे सगळा कारभार स्पॅनिशमध्ये.

पण हार मानेन तर कर्जखात्याचा माणूस कसला! पासपोर्टावर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीयाला तिथे पर्यटक म्हणून उतरता येतं, हा शोध मला लागला आणि भाचीच्या लग्नासाठी काढलेला तो व्हिसा अखेर कामी आला. म्हटलं, आधी पोचू, कागद तिथेच करू. पोचल्यावर पहिल्याच खिडकीत कळलं की पर्यटक म्हणून आलेला माणूस पर्यटकच राहतो. रहिवासी व्हायचं असेल तर आपल्या देशातल्या त्यांच्या दूतावासातून निवासाचा व्हिसा घ्यायचा, तो घेऊन यायचं आणि ठरलेल्या मुदतीत इथे अर्ज टाकायचा. दूतावास नवी दिल्लीत, मी सांतो दोमिंगोत. बायको वकिलाच्या हातून सगळं रीतसर करून आली होती, ती दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाली.

मी पुण्याला परत आलो.

आता जन्मदाखला. तो काढला तर त्यात वडिलांचं नाव होतं, आईचं होतं, गावाचं होतं, फक्त माझं नव्हतं. आमच्या वेळी बारशाच्या आधीच नोंद व्हायची आणि नंतर नाव चढवायला नगरपालिकेत कोणी फिरकायचं नाही. सरकारदरबारी त्या तारखेला त्या घरात एक मुलगा झाला होता, पुढे त्याचं काय झालं याची नोंद नव्हती. मग शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज, अर्जासोबतचा अर्ज असं करत नाव एकदाचं चढलं. इतक्या खटपटीनं मिळालेला कागद, त्याला घडी पडू नये, पावसात भिजू नये, प्रवासात चहा सांडू नये, म्हणून मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि छान लॅमिनेट करून घेतला.

परदेशात चालायचा तर कागदाला अपोस्टील, म्हणजे त्यावरचा सहीशिक्का खरा असल्याची सरकारी साक्ष, लागतं. १९६१ च्या हेग करारातली ही सोय. आपल्याकडे २००५ पासून लागू आहे, डोमिनिकनांकडे २००९ पासून. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि मंत्रालय आपल्या हातून काही घेत नाही म्हणून मधे एजन्सी. अपोस्टीलचा स्टिकर दाखल्याच्या पाठीवर डकवतात. कागदाच्या पाठीवर, प्लास्टिकच्या नव्हे! काउंटरवरच्या पोरानं माझा दाखला ट्यूबलाइटकडे धरला, उलटा केला, अंगठ्याच्या नखानं कोपरा उकलतोय का ते पाहिलं, आणि मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "काका, कुठे होतात नोकरीला?"

मी म्हणालो, "पोस्टात."

नवा दाखला, अपोस्टील, पोलिसांचा दाखला, दिल्लीची वारी आणि व्हिसा हे सगळं यथावकाश झालं. फोटोंचं तेवढं सांगतो. एक समोरून आणि एक उजव्या बाजूनं, कान दिसेल असा, हवा होता. आमच्या फोटोवाल्यानं फोटो काढून दिले, पैसे घेतले, आणि मी पायऱ्या उतरताना हळूच विचारलं, "काका, घरी सगळं ठीक ना?"

परत सांतो दोमिंगो. तिथे समुद्राच्या बाजूला सरकारी कचेऱ्यांचा एक मोठा परिसर आहे, अर्ज तिथेच द्यायचा. हुकूमशहा त्रुहियोनं १९५५ साली आपल्या सत्तेची पंचवीस वर्षं साजरी करायला तिथे आंतरराष्ट्रीय जत्रा भरवली होती, म्हणून लोक अजून त्याला 'ला फेरिया' म्हणतात, म्हणजे जत्राच. जत्रेला जातात तसा मी गेलोही. तीनचतुर्थांश पँट, बिनबाह्यांचा शर्ट, पायात कोल्हापुरी. उकाडा मुंबईचा होता आणि समुद्र समोर होता, मला त्यात काही गैर वाटलं नाही. दारावरच्या पहारेकऱ्याला वाटलं. डोमिनिकन सरकारी कचेरीत अर्धी चड्डी, उघडे खांदे, चपला काही चालत नाही. तिथला गवंडी आणि भाजीवालीसुद्धा कचेरीत यायचं तर इस्त्रीचे कपडे करून येतात. त्या अख्ख्या रांगेत उघड्या पोटऱ्यांचा एकच माणूस होता. त्याच्या हातात फाइल होती आणि फाइलवर आमच्या बँकेचं बोधचिन्ह होतं.

दुसऱ्या खेपेला बूट घालून गेलो आणि अर्ज आडवा आला.

त्यांच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांकडून आलेलं, दुसरं आईकडून. अर्जात तशाच दोन चौकटी. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन तुकडे. मी सरळ पहिल्या चौकटीत वडिलांचं नाव घातलं, दुसरीत आडनाव. हिशेब जुळला म्हणून खूश झालो आणि त्याच हिशेबानं बायकोचा रकाना भरला: तिचं नाव, मग माझं नाव, मग आडनाव. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचला. मग दुभाष्यानं स्पॅनिश भाषांतर केलेला लग्नाचा दाखला उघडला आणि दोन्ही कागदांवर बोट ठेवून शेजारच्या बाईंना बोलावलं. त्यांच्या रीतीनं पहिलं आडनाव बापाकडून येतं. बायकोचं पहिलं आडनाव म्हणजे माझं नाव. म्हणजे तिचा बाप मी. आणि नवराही मीच. दाखल्यावर शिक्का होता, अपोस्टील होतं, भारत सरकारनं साक्ष दिली होती. कागदोपत्री मी माझाच सासरा झालो होतो!

मी स्पॅनिशमध्ये खुलासा करायला गेलो. माझं स्पॅनिश मोबाइलवर शिकलेलं, त्यात मुलगा सफरचंद खातो आणि मांजर दूध पितं, एवढ्यावर मामला. 'वडील', 'बायको', 'नाव' हे शब्द मला येत होते, पण ते ज्या क्रमानं तोंडातून बाहेर पडले त्यानं उरलीसुरली शंकाही फिटली. दोघी हसत नव्हत्या. शेवटी बायकोला ऑफिसातून बोलवावं लागलं. ती आली, चार वाक्यं बोलली, नवा अर्ज घेतला आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

खरं सांगायचं तर माझ्या या रडगाण्याला तिथे फारशी किंमत नाही. रांगेत माझ्यापुढे एक हैतीचा मजूर होता. बांधकामावरचे हात, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. २०१३ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या एका निकालानं, बेकायदा राहणाऱ्या परदेशी आईबापांच्या पोटी १९२९ नंतर त्या देशात जन्मलेल्यांना नागरिक मानायचं नाही असं ठरवलं, आणि अशा कितीतरी हैती वंशाच्या माणसांना आपल्याच गावात परके व्हावं लागलं. त्या मजुराचा एक कागद चुकला तर त्याला ट्रकमध्ये घालून सरहद्दीवर सोडतात. माझा चुकला तर मी पुण्याला येऊन अनारसे खातो.

अनारसे म्हणताना आठवलं, तो शेवटचा धक्का. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे, रक्त आणि लघवी. आदल्या रात्री बायकोच्या सहकाऱ्यानं सहज सांगितलं की लघवीत अमली पदार्थही बघतात म्हणे. मी पुण्याहून आणलेले अनारसे आठवडाभर संपवत होतो. अनारशाला खसखस. खसखस कशाची? अफूच्या बोंडाची! रात्रभर मी तांब्यामागून तांब्या पाणी पीत बसलो. सकाळी माझी पाळी आली तेव्हा मी एवढा तुडुंब होतो, की नर्सबाईंनी छोटी बाटली परत घेऊन मोठी दिली.

निकाल स्वच्छ आला.

कार्ड हातात आलं तेव्हा बायकोनं ते वाचलं, पाठीमागून पुढून, आणि पाकिटात ठेवलं. तिच्या. तात्पुरत्या रहिवाशाचं हे कार्ड एका वर्षाचं असतं, दर वर्षी नवं करून घ्यायचं, आणि पाच वर्षं असं निभावलं की कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो. पुढच्या वर्षीचा अर्ज वकील भरणार आहे.