टोचलं दंडात, अडलं कागदात

जर्मनीत मुलाला किटात, म्हणजे तिथल्या पाळणाघर-बालवाडीत घालायचं, तर मुलाआधी त्याचं लसीचं कार्ड आत जातं. कार्ड पटलं नाही तर मूल बाहेर. १ मार्च २०२०पासून तसा कायदाच आहे. मूल वर्षाचं झालं की गोवराचा एक डोस हवा, दोन वर्षांचं झालं की दोन, आणि दोन्हींचा लेखी पुरावा हवा. नाही दिला तर अडीच हजार युरोंपर्यंत दंड. काही पालक या कायद्याविरुद्ध कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात गेले. २०२२ साली न्यायालयानं कायदा उचलून धरला. योग्य केलं. गोवर पोरांचे जीव घेतो, हे मुंबईनं त्याच वर्षी गोवंडीत पाहिलं. तेव्हा कायद्याशी माझं भांडण नाही. पुराव्याच्या नावाखाली नवख्या माणसाची जी फरफट चालते, तिच्याशी आहे. आणि तेवढंच भांडण आपल्या लोकांशीही आहे, कारण पुरावा सांभाळायचा असतो हेच आपण मनावर घेत नाही.

कार्डाची दशा पाहा. उपकेंद्रातल्या नर्सबाई बाळंतिणीच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड देतात. ते रेशनकार्डाच्या पिशवीत जातं, नाहीतर गादीखाली. घड्या पडून पडून मधोमध फाटतं. स्टुटगार्टच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे असं एक कार्ड टेबलावर पसरलेलं मी पाहिलं. घडीवर चिकटपट्टी, आणि पिवळ्या पडलेल्या पट्टीखाली नेमकी गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाची तारीख. मुलीच्या नावाच्या जागी आईचं नाव आणि पुढे नुसतं ‘बाळ’, कारण कार्ड झालं तेव्हा बारसं व्हायचं होतं. बारसं झालं, पासपोर्ट झाला, कार्डावरचं ‘बाळ’ तसंच राहिलं. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, पासपोर्टाशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. पोरगी आईच्या मांडीवर, ठणठणीत, दोन्ही डोस घेतलेली. कागदोपत्री तिला एकही लस मिळालेली नव्हती.

मदतनीस बाईंना मी दोष देणार नाही. जर्मनीच्या लसीकरण समितीचा नियम सरळ आहे: ज्या लसीची नोंद नाही, ती दिलेली नाही असं धरायचं. तिथे माणसागणिक एक पिवळं पुस्तक असतं, इम्फपास. दर लसीपुढे तारीख, लसीचं नाव, बॅच क्रमांकाचं चिकटवलेलं लेबल, डॉक्टरांची सही आणि शिक्का. जुन्या लसींची नोंद डॉक्टर त्यात मागाहूनही करून देऊ शकतात, कायद्यात तशी सोय आहे. अट एकच, समोरचा पुरावा वाचता आला पाहिजे आणि तो याच माणसाचा आहे हे पटलं पाहिजे.

मग उपाय काय? पुन्हा टोचून घ्या. हे मी वैतागून नाही, विचार करून सांगतो. गोवराच्या लसीवर आणखी एखादा डोस बसला तर अपाय होत नाही. शिवाय आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस असते, तिच्यात गालगुंड नाही. जर्मन डॉक्टर गोवर, गालगुंड, रुबेला अशी तिन्हींची एकत्र लस देतात, म्हणजे मुलाचा फायदाच होतो. ‘आमच्या देशात घेतलेली लस तुम्हाला चालत नाही का’ असा मान-अपमानाचा वाद घालणारे पालक मी ऐकलेत. त्या वादात मुलाच्या पदरात काही पडत नाही. मात्र दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात, म्हणजे किटा लांबतं. किटा लांबलं की आईची नोकरी लांबते. आईचीच, कारण घरी थांबायची पाळी बहुतेक घरांत तिच्यावरच येते. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. नोकरीसाठी तिच्याकडे पुरावा मागितला, तर रक्ततपासणीत दिसलेली प्रतिकारशक्ती किंवा लस देता येत नसल्याचा डॉक्टरांचा दाखला कायद्याला चालतो. हे तिला कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं.

मोठ्यांची गोष्ट याहून अवघड आहे. हा कायदा पोरांपुरता नाही. १९७० नंतर जन्मलेला जो कोणी जर्मन रुग्णालयात, शाळेत, बालवाडीत काम करणार, त्यालाही गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो बहुतेकदा दोन डोसांचाच असतो. आता आपला इतिहास आठवा. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस आली १९८५ साली, तीही एकाच डोसाची. दुसरा डोस सुरू झाला २०१०मध्ये. म्हणजे नव्वदीत जन्मलेल्या आपल्या परिचारिकेला सरकारी दवाखान्यातून मिळालेला डोस फार तर एक, आणि त्याचं कार्ड माहेरच्या कुठल्या ट्रंकेत आहे ते आईलाही आठवत नाही. नंतर २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांना शाळाशाळांतून लस टोचली. काम मोठं होतं, मनापासून झालं. अंगठ्याला शाईची खूण केली, ती काही दिवसांत गेली. त्या लसीचा कागद किती घरांत सापडेल? आपल्या घरात शोधून पाहा.

हे आत्ताच सांगायचं कारण आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, आणि मुंबईशी तिचं भगिनी-शहराचं नातं १९६८पासूनचं. जाणाऱ्यांना जर्मन भाषा शिकवायची गरज सरकारला कळली, ते चांगलंच आहे. पण जर्मन क्रियापदं चालवता आली म्हणून वॉर्डात उभं राहता येत नाही. भाषेच्या वर्गाला बसलेल्या प्रत्येकाची लसनोंद तिथेच तपासावी, राहिलेला डोस तिथेच द्यावा आणि इंग्रजीतला सही-शिक्क्याचा दाखला हातात ठेवावा. सरकारी रुग्णालयं आपली, लस आपली, शिक्काही आपला. यात जर्मनीला विचारायचं काय आहे?

आता जर्मनांकडे वळू. शिस्तीचं कौतुक पुरे झालं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा, हा तिथला कायदा. तिथली मराठी माणसं तिला ‘आनमेल्डुंग’च म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. तात्पुरत्या खोल्या देणारे कितीतरी मालक पत्र द्यायला तयार नसतात, भाडं मात्र पूर्ण घेतात. पत्र मिळालं तरी बर्लिनसारख्या शहरात दोन आठवड्यांच्या आतली भेटीची वेळ मिळेलच असं नाही. नियम मोडल्याचा दोष कोणाच्या माथी? नवख्याच्या. नोंदणी झाल्याशिवाय कर क्रमांक येत नाही, तो येतो टपालानं, आणि टपालपेटीवर तुमचं आडनाव लावलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. सरकारच्या ५७५ सेवा २०२२ अखेर ऑनलाइन देऊ, असा कायदा या देशानं २०१७मध्ये केला. २०२२ संपलं, सेवा पूर्ण झाल्या नाहीत. दोन आठवड्यांची मुदत माणसाला, पाच वर्षांची सरकारला. माणसाची चुकली तर हजार युरोंपर्यंत दंड, सरकारची चुकली तर दंड नाही.

भारतीय कागदांवर तर खास अविश्वास आहे. एका देशाचा जन्मदाखला दुसऱ्या देशात सरळ चालावा म्हणून अपॉस्टिल शिक्क्याचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात २००५मध्ये गेला. जर्मनीनं भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतला, म्हणून आपला तो शिक्का तिथे चालत नाही. मुंबईत खेटे घालून, पैसे भरून आणलेला शिक्का जर्मन कार्यालयात बाजूला सारला जातो आणि लग्नाचा किंवा जन्माचा दाखला पडताळणीसाठी पुन्हा भारतातल्या जर्मन वकिलातीकडे जातो. महिने लागतात. एजंट मात्र अपॉस्टिलचे पैसे आनंदानं घेतात आणि ही गोष्ट सांगत नाहीत. ही सरळ फसवणूक आहे.

कागदापुढे लस कशी हरते, हे कोविडात साऱ्या जगानं पाहिलं. कोविशील्ड आणि युरोपातली ॲस्ट्राझेनेका ही एकच लस. जागतिक आरोग्य संघटनेनं पुण्याच्या सिरमच्या लसीला फेब्रुवारी २०२१मध्ये मान्यता दिली होती. पण १ जुलैला युरोपीय संघाचं डिजिटल प्रमाणपत्र सुरू झालं तेव्हा पुण्याच्या कारखान्याचं नाव युरोपीय औषध संस्थेच्या यादीत नव्हतं, आणि मानायची की नाही हे एकेका देशावर सोडलं गेलं. ब्रिटननं सिरमकडून ५० लाख डोस मागवून आपल्याच लोकांना टोचले होते. त्यांतल्या एका जोडप्याला माल्टाच्या विमानात चढू दिलं नाही, कारण त्यांच्या प्रमाणपत्रावर पुण्याचा बॅच क्रमांक होता. तेव्हा ब्रिटन चिडलं. आणि त्याच ब्रिटननं सप्टेंबरात कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांना लस न घेतलेल्यांच्या रांगेत बसवलं. लस मान्य, भारताचं प्रमाणपत्र अमान्य! भारतानं ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं, आणि आठवड्याभरात, ११ ऑक्टोबरला, तिढा सुटला. विषाणू तोच होता, लस तीच होती. बदलली ती सरकारची इच्छा.

इच्छा असली की कागद हलतो. म्हणूनच जर्मन कार्यालयांची ‘नियम आहे’ ही सबब मी मानत नाही. गोवराच्या बाबतीत तर शाळा आणि किटा यांच्यात कायद्यानंच फरक केला आहे. शाळेत जाणं सक्तीचं, म्हणून पुरावा नसला तरी शाळा मुलाला घेते आणि आरोग्य खात्याला कळवते. किटात मात्र दार बंद. वर्षाच्या प्रत्येक मुलाला किटाच्या जागेचा कायदेशीर हक्क २०१३पासून आहे, आणि पुन्हा लस घ्यायला तयार असलेलं कुटुंब बालरोगतज्ज्ञ शोधत शहरभर फिरत असतं, कारण दवाखान्यामागून दवाखाना सांगतो, नवे पेशंट घेत नाही. हक्क दिला, अट घातली, अट पुरी करायची जागाच दिली नाही. ११६११७ या क्रमांकावर फोन केला तर डॉक्टरांची वेळ मिळवून द्यायला मदत होते, पण नवख्याला तो क्रमांक सांगतं कोण? नोंदणीच्या खिडकीवरच तो कागद द्यायला हरकत काय होती? गोवर पसरू नये ही खरी तळमळ असेल, तर नोंदणीच्या दिवशीच लसीची वेळ द्या. कोविडात लसीकरण केंद्रं उभारली होतीच की.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करावं. केंद्र सरकारच्या यू-विन प्रणालीतून आता मुलांच्या लसींचा क्यूआर कोडचा दाखला मिळतो. लहान मूल असेल तर तो आजच काढून ठेवा. ही प्रणाली येण्याआधी जन्मलेल्यांना फाटक्या कार्डाचाच आधार आहे. ते कार्ड घेऊन जिथे लस घेतली त्या केंद्रात जा. ‘बाळ’ खोडून पासपोर्टावर आहे तसं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहून घ्या, शेजारी सही-शिक्का घ्या. मग आपल्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत दाखला घ्या: लसीचं नाव, प्रत्येक डोसाची तारीख, मिळाला तर बॅच क्रमांक. दोन डोसांची खात्री नसेल तर दुसरा इथेच टोचून घ्या, विमानाच्या तिकिटाआधी. आणि मूळ कार्ड सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत पासपोर्टाशेजारी ठेवा.