पिशाच्चभूषण

पुण्यात ज्याला शनिवारवाड्याविषयी दोन वाक्यं बोलता येत नाहीत तो नवा भाडेकरू समजावा, आणि ज्याला दोन वाक्यांवर थांबता येत नाही तो मूळचा. या दोघांखेरीज एक तिसरी जात आहे. वाड्याच्या इतिहासाशी तिचं फारसं देणंघेणं नसतं. तिचा संबंध थेट वाड्यातल्या भुताशी असतो, आणि तोही घरोब्याचा. या जातीचा माणूस दिवाळी अंकांतून गूढकथा लिहितो, वाचनालयांच्या वर्धापनदिनी भाषणं करतो आणि एरवी वाड्याच्या आसपास चहा पीत आढळतो. सोयीसाठी आपण त्याला पिशाच्चभूषण म्हणू. ही पदवी अजून त्याला कुणी दिलेली नाही, पण दिलीच तर शाल-श्रीफळासकट घेईल.

पिशाच्चभूषण ओळखायला सोपा. खांद्याला शबनम, अंगात झब्बा आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती वर्तुळं वाड्याभोवती जागवलेल्या रात्रींची, असं तो सांगतो. जागरण खरं असतं. फक्त ते संपादकाने दिलेली मुदत टळून गेल्यावर घरीच, पंख्याखाली झालेलं असतं.

"वाड्याशी आमचा फार जुना संबंध," हे त्याचं सलामीचं वाक्य. या संबंधाची वाढ त्याच्या कथांमधून क्रमाने पाहण्यासारखी आहे. पहिल्या कथेत त्याचे खापरपणजोबा वाड्यात पाणी भरत. पुढच्या दिवाळीत ते कोठीवर आले. मग फडात कारकून झाले आणि लवकरच नाना फडणविसांच्या खास विश्वासातले. परवाच्या भाषणात तर ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्या दिवशी, खापरपणजोबा प्रत्यक्ष तिथे हजर होते, "जरा मागच्या बाजूला उभे होते, इतकंच." याच वेगाने बढती मिळत राहिली, तर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यापूर्वी रामशास्त्री प्रभुणे यांनी खापरपणजोबांचा सल्ला घेतल्याचं लवकरच वाचायला मिळेल. चार पिढ्यांत १७७३ गाठायचं तर या घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाने पन्नाशी उलटल्यावर पुत्रप्राप्ती करून घेतली असली पाहिजे. पण असले हिशेब पिशाच्चभूषणापुढे मांडायचे नसतात. तो डोळे मिटतो आणि म्हणतो, "तुम्ही आकडे बघता, मी ऐकतो."

काय ऐकतो, ते महाराष्ट्रातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पौर्णिमेच्या रात्री, बाराच्या ठोक्याला, वाड्यातून हाक येते, "काका, मला वाचवा!" पिशाच्चभूषणाच्या प्रत्येक कथेत ही हाक येते. कथा कोकणातल्या बंगल्यात घडत असली तरी नायकाचं शिक्षण पुण्यात झालेलं असतं आणि त्याची खोली वाड्याच्या मागच्या गल्लीत असते.

एकदा अमृततुल्यमध्ये तो सापडला तेव्हा मी विचारलं, "अहो, नारायणरावांचा खून तर भर दुपारी झाला. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी वाड्यात शिरले, तेव्हा ऊन होतं. मग हाक मध्यरात्री का येते?"

त्याने चहा बशीत ओतला. बशीवर सावकाश फुंकर मारली. एक मोठा घोट घेतला आणि माझी कीव करत म्हणाला, "दुपारी पुण्यात ऐकायला जागं कोण असतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पण प्रश्न संपले नव्हते. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन चुलत्याला बिलगला, तेव्हा त्याला वाचवायला चापाजी टिळेकर हा सेवक मध्ये पडला आणि सुमेरसिंग गारद्याच्या माणसांनी त्यालाही कापला. त्या दिवशी वाड्यात आणखीही सेवक मेले, दासी मेल्या, ब्राह्मण मेले, एक गायसुद्धा मेली. यातलं कुणीच कधी पौर्णिमेला दिसत नाही. बरं, भुताला किमान पेशवा असणं आवश्यक असेल, तर दुसरा पेशवा हजर आहेच. नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेले त्यांचे चिरंजीव सवाई माधवराव याच वाड्यात, ऑक्टोबर १७९५ मध्ये, वरच्या मजल्यावरून कारंज्यावर पडले आणि एकविसाव्या वर्षी गेले. उडी मारली की तोल गेला, यावर आजही वाद घालणारे आहेत. बाप आणि लेक दोघेही एकाच वास्तूत अकाली गेले. गूढकथाकाराला आणखी काय हवं?

"सवाई माधवरावांना डायलॉग नाही," पिशाच्चभूषण म्हणाला.

हा त्याच्या धंद्यातला खरा निकष. मृत्यू कितीही भीषण असो, मरताना छापण्याजोगं वाक्य उच्चारलं नसेल तर ते भूत दिवाळी अंकात चालत नाही. चापाजी काही न बोलता मेला, म्हणून तो पाठ्यपुस्तकातही नीट शिरला नाही आणि झाडावरही चढला नाही.

सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. वाडा आज पडका आहे तो काही नारायणरावांच्या खुनामुळे नव्हे. खुनानंतरही तिथून कारभार चालला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, त्यानंतरही वाडा उभा होता. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातलेली, १७३२ साली वास्तुशांत झालेली ती इमारत. दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा आणि सागवान जुन्नरच्या जंगलातलं. त्या सागवानानेच घात केला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस जळत राहिली. महाल, दिवाणखाने, नक्षीचे खांब, रंगवलेल्या भिंती, सगळं गेलं. तट उरला, दिल्ली दरवाजा उरला, त्यावरचा नगारखाना उरला. आतले जे चौथरे आज आपण बघतो, तेही गेल्या शतकात खणून बाहेर काढावे लागले. आग का लागली ते आजतागायत कुणी ठामपणे सांगितलेलं नाही.

सात दिवस धुमसणारा राजवाडा, नुकतंच गेलेलं राज्य आणि कारण अज्ञात! मी म्हटलं, "तुम्ही आगीवर का लिहीत नाही?"

"आगीत भूत कुठंय?" त्याने विचारलं. मग थोडा विचार करून म्हणाला, "शिवाय आगीच्या वेळी आमच्याकडचं कुणी तिथे नव्हतं."

म्हणजे खून झाला त्या दिवशी खापरपणजोबा हजर आणि त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, जेव्हा खरोखरच कुणा तरी पूर्वजाला बादली घेऊन धावता आलं असतं, तेव्हा अख्खं घराणं गावाला गेलेलं. इथे मला या जातीचं मर्म कळलं. दुर्घटनेशी त्याला नातं हवं असतं, पण ते बघ्याचं. पाणी मारायला लागेल असं नको. मूळ खापरपणजोबा, ज्यांच्यापासून ही सगळी सुरुवात झाली, ते पाणी भरणारेच होते, हे तो सोयीस्करपणे विसरला होता.

घरी मात्र त्याच्या कीर्तीला फारशी किंमत नाही. "ह्यांना अडीचशे वर्षांपूर्वीची हाक ऐकू येते," त्याच्या सौभाग्यवती म्हणतात, "आणि कुकरची चौथी शिट्टी झालेली ऐकू येत नाही." एकदा म्हणे पौर्णिमेच्या रात्री वाड्यावर जाऊन यायचं आव्हान भाच्यांनी दिलं. पिशाच्चभूषणाने स्वेटर घातला, मफलर गुंडाळला, टॉर्च घेतला. जिन्यात दिवा गेलेला होता, म्हणून तो पहिल्या मजल्यावरूनच परत आला आणि पहाटे चारपर्यंत जागून 'तटाखालचा तो तास' ही कथा लिहून काढली. त्या कथेला बक्षीस मिळालं.

हल्ली त्याचे दिवस पालटलेत. यूट्यूबवाली पोरं कॅमेरा घेऊन येतात आणि त्याला दिल्ली दरवाजासमोर उभं करतात. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दारावर ठोकलेले अणकुचीदार खिळे मागे दिसत असतात. पोरं म्हणतात, "आजोबा, जरा घाबरल्यासारखं करा." तो लगेच करतो. आयुष्यभर कागदावर केलंय, त्याला काय अवघड? ते संपलं की पोरं रिक्षा करून निघून जातात आणि हा कठड्यावर बसून शबनममधला शेंगदाण्याचा पुडा सोडतो. आजूबाजूला क्लास सुटलेली मुलं, फुगेवाले, सेल्फी काढणारी जोडपी. त्या गर्दीत एकही माणूस भ्यालेला नसतो.

मला पिशाच्चभूषणाचा राग येत नाही. त्याच्यासारखी माणसं नसती तर हजारो लोक तिकीट काढून आत गेलेच नसते. पण आत गेल्यावर लोक भिंतीला कान लावतात आणि पायाखालचे चौथरे बघत नाहीत, याचं श्रेय मात्र त्याला द्यावंच लागेल. शनिवारवाड्याला नारायणरावांनी झपाटलेलं नाही. त्याला लेखकांनी झपाटलंय.

जाता जाता एक विनंती. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, गावोगावी लेखकांचे सत्कार होतात. त्यात एखादा पिशाच्चभूषण हमखास असतो. तुम्ही श्रोत्यांत असाल तर हारतुरे झाल्यावर उठून त्याला एवढंच विचारा, "याच तारखेला वाड्यात काय झालं होतं?" उत्तर आलं नाही तर टाळ्या जरा कमी वाजवा.